अर्धपाव फेरा

सायकलच्या हॅन्डलची उभी दांडी फ्रेमच्या पुढच्या नळीत जिथे उतरते, तिथे पाहण्यासारखे काही नाही असे वाटते. वर एक बोल्ट, त्याखाली एक चेकनट, खाली कटोरी, आणि या सगळ्यावर धुळीचा आणि जुन्या ग्रीसचा काळा थर. पण त्या वीतभर लांबीत दोन रचना एकीच्या पोटात दुसरी अशा बसवलेल्या असतात आणि दोघींचा धर्म उलटा असतो. आतली रचना हॅन्डलला पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याशी असे जखडते की दोघांमध्ये तसूभरही हालचाल होऊ नये. बाहेरची रचना त्याच चिमट्याला फ्रेममध्ये असे तोलून धरते की तो नुसत्या बोटाच्या स्पर्शाने फिरावा. हॅन्डल डगडगायला लागते तेव्हा दोष या दोघींपैकी एकीत असतो. तो कोणत्या रचनेत, हे पाना उचलायच्या आधी ओळखणे आणि मग नेमका तेवढाच दोष काढणे, या कारागिरीचे मला फार कौतुक आहे. तिरोड्यातल्या सायकल दुकानांपुढे उभे राहून मी ती मन लावून पाहत आलो आहे आणि तिच्यात जे दिसते तेच इथे सांगायचे आहे.

तिरोडा नागपूर-गोंदिया रेल्वेमार्गावरचे तालुक्याचे गाव. पश्चिमेला वैनगंगा, भोवती धानाचे बांध, आणि एमआयडीसीत 660 मेगावॅटचे पाच संच असलेला 3,300 मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प. मोटारसायकली इथेही भरपूर आहेत. तरी सकाळी शाळेच्या वेळेला आसपासच्या खेड्यांतून गावात येणारे रस्ते पाहिले तर अजून सायकलच दिसते, आणि ती बहुतेक मुलींची असते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीतल्या गरजू मुलींना सायकल दिली जाते. आठवीतली मुलगी आणि बारावीतली मुलगी यांच्या उंचीत केवढा फरक पडतो! सायकल मात्र तीच. म्हणून सीट वर जाते आणि मागोमाग हॅन्डलही वर जाते. हॅन्डल वर-खाली करण्याची सोय ज्या दांडीत आहे तिच्यावर इथे चार-पाच वर्षांचे वाढते वय अवलंबून असते. दांडी वर घेताना चुकले की खेळ सुरू होतो.

ही दांडी बाहेर काढून हातात घेऊन पाहावी. पोकळ पोलादी नळी, बाहेरून सुमारे 22 मिलिमीटर जाडीची. खालच्या टोकाला उभ्या चिरा. त्या टोकात खालून शिरणारा शंकूच्या आकाराचा नट, आणि वरून दांडीच्या पोटातून थेट त्या नटापर्यंत जाणारा लांब बोल्ट. वरून बोल्ट पिळला की नट वर ओढला जातो, शंकू चिरांमध्ये घुसतो, दांडीचे टोक फुलते आणि चिमट्याच्या नळीला आतून घट्ट धरते. नटाला बाजूला बारीक उंचवटे असतात आणि ते चिरांत अडकतात, म्हणजे बोल्टबरोबर नट फिरत नाही. बाहेरून कसलीही पट्टी नाही, क्लॅम्प नाही. सगळी पकड आत, नजरेआड. या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच की, पकड कुठे आहे हे तिने वरच्या एका बोल्टच्या डोक्याखेरीज कुठेही दाखवलेले नाही.

आता ती सोडवायची कशी? अननुभवी माणूस बोल्ट पूर्ण काढून टाकतो आणि हॅन्डल ओढत बसतो. दांडी हलत नाही, कारण शंकू अजून फुललेल्या चिरांत रुतलेलाच असतो. शेवटी नट सुटतो तो चिमट्याच्या पोटात जाऊन पडतो. जाणता कारागीर बोल्ट चार-पाच फेरेच सैल करतो. बोल्टचे डोके आता दांडीपासून थोडे वर उचलले गेलेले असते. त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा एक सरळ ठोका. बोल्ट खाली जातो, नट खाली ढकलला जातो, टोक मिटते. मग चाक गुडघ्यांत धरून हॅन्डल डावीउजवीकडे हलवले की दांडी आपणहून मोकळी होते. ज्या बोल्टने ओढून घट्ट केले त्याच बोल्टने ढकलून सोडवले. फक्त फेरे मोजून थांबायचे, कारण आटे पुरेसे गुंतलेले नसतील तर ठोक्यासरशी ते सोलून निघतात.

पावसाळ्यानंतर एवढ्याने भागत नाही. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला सरासरी 1,200 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बांधांवरच्या चिखलातून, रपट्यावरच्या पाण्यातून सायकल जाते. पाणी वरून बोल्टच्या भोकातून आणि खालून चिमट्याच्या तोंडातून आत शिरते. पोलादात पोलाद बसलेले, मध्ये गंज. मग रॉकेल किंवा पातळ तेल सोडून रात्रभर थांबावे लागते. घाई करणारा इथे पाइप पाना लावतो आणि दांडीचे रूप कायमचे बिघडवतो. थांबणारा सकाळी तेच काम एका ठोक्यात करतो. बसवताना दांडीला ग्रीसचा पातळ हात दिला तर पुढच्या वर्षी ही वेळ येत नाही. ग्रीसमुळे हॅन्डल सरकेल अशी भीती कुणी घालतात, ती बाळगू नये. पकड शंकूच्या दाबाची आहे.

दांडीवर खाली कुठेतरी बारीक आडव्या रेघांची खूण असते. त्या रेघा फ्रेमबाहेर दिसू द्यायच्या नाहीत. हॅन्डल उपसून हातात येऊ नये म्हणून ही खूण, असे सगळेच समजतात. ते खरे, पण अर्धेच. दुसरे कारण अधिक खोल आहे आणि त्यातच या रचनेचे मर्म आहे. चिमट्याच्या नळीवर वरच्या टोकाला बाहेरून आटे पाडलेले असतात, कारण कटोरी आणि चेकनट त्यांवरच बसतात. आटे पाडले की नळीची भिंत तिथे पातळ होते. दांडी जास्त वर घेतली तर शंकूची फूग नेमकी त्या पातळ भागात येते. आतून फुगवणारा दाब, बाहेरून आट्यांच्या खाचा, आणि वर खड्ड्याखड्ड्यांतला मार. पोलादाला भेग पडते ती अशाच जागी. म्हणून शंकू आट्यांच्या खाली, नळीच्या पूर्ण जाडीच्या भागात बसायला हवा. जुन्या काळ्या सायकलींच्या दांडीवर अशी खूण नसते. तिथे निदान अडीच इंच दांडी आत ठेवायची. बारावीतल्या उंच मुलीसाठी हॅन्डल आणखी वर हवे असेल तर लांब दांडी घ्यावी. खुणेच्या पलीकडे जाऊन बोल्ट जीव खाऊन पिळणे हा उपाय नव्हे, आणि जो दुकानदार मुलीला हे समजावून परत पाठवतो तो त्या दिवशीचे सर्वांत चांगले काम करतो.

बोल्ट किती पिळायचा, याचे उत्तर कारागिराच्या मनगटात असते. त्याची परीक्षा मात्र आपल्यालाही घेता येते. सायकलसमोर उभे राहावे, पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत दाबावे आणि हॅन्डल पिळावे. साध्या जोराने ते सरकता कामा नये. पण सगळी ताकद लावली तर किंचित सरकायला हवे. सायकल पडली आणि हॅन्डल जमिनीवर आपटले तर ते फिरून मोकळे व्हावे, तो मार चिमट्याच्या नळीत जाऊ नये, यासाठी ही सवलत ठेवायची असते. वाकडे झालेले हॅन्डल गुडघ्यांत चाक धरून सरळ करता येते. वाकलेला चिमटा तसा करता येत नाही. एकाच बोल्टमध्ये पकड आणि सुटका दोन्हींचा विचार केलेला आहे, आणि तो किती पिळायचा हे ठरवणाऱ्यानेही तो विचार ओळखायला हवा.

इथवर आतली रचना झाली. पण दुकानात येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच बाहेरच्या रचनेच्या असतात.

मुलगी म्हणते, “काकाजी, हंडल हलते.”

काकाजी पुढचा ब्रेक दाबतात, सायकल पुढेमागे ढकलून पाहतात आणि वर न बघताच सांगतात, “हंडल नाही हलत वं, चिमटा हलते.”

या वाक्यामागची परीक्षा बारकाईने पाहण्यासारखी आहे. एका हाताने ब्रेक दाबायचा, दुसऱ्या हाताचे बोट वरच्या कटोरीच्या जोडावर ठेवायचे, अर्धे कटोरीवर आणि अर्धे फ्रेमवर. सायकल पुढेमागे झुलवली की जोडात खेळ असेल तर बोटाखाली टिकटिक लागते. डोळ्यांना ती दिसत नाही. मग तेच बोट खालच्या जोडावर. तिथेही काही नाही आणि तरी टिकटिक येते, तर खेळ ब्रेकच्या सांध्यात किंवा चाकाच्या आखात आहे. रॉडच्या ब्रेकमध्ये तो असतोच, आणि त्यावरच फसून अनेकजण चांगला बसलेला चिमटा विनाकारण आवळतात. म्हणून ब्रेकवर भरवसा न ठेवता कधी चाक भिंतीला टेकवून हीच परीक्षा पुन्हा करतात. शेवटी फ्रेमचा पुढचा भाग उचलायचा आणि चिमटा आपल्या वजनाने डावीउजवीकडे पडू द्यायचा. तो गुळगुळीत पडला तर कटोरीतले छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, चांगले आहेत. नेमका सरळ जागी येऊन अडखळला तर कटोरीत खड्डे पडलेले आहेत.

हे खड्डे का पडतात, हा या विषयातला मला सर्वांत रसाळ वाटणारा भाग आहे. चाकाचे छर्रे दिवसभर गरगर फिरतात आणि तरी वर्षानुवर्षे टिकतात. हॅन्डलचे छर्रे त्यामानाने जवळजवळ फिरतच नाहीत आणि तेच आधी खराब होतात. सरळ रस्त्यावर हॅन्डल दोन-तीन अंशांपलीकडे फिरत नसते. प्रत्येक छर्रा तासन् तास एकाच जागी बसून रस्त्याचा मार खातो. फिरणाऱ्या छर्ऱ्याखाली ग्रीस पुन्हा पुन्हा येते. थांबलेल्या छर्ऱ्याखालून ते दाबले जाऊन बाजूला होते आणि परत येत नाही. मग पोलादावर पोलाद, बारीक थरथर, आणि त्या जागी एक एक खळगा. धातूवर टणक गोळी दाबून उठणाऱ्या खळग्यावरून त्याचा टणकपणा मोजण्याची पद्धत स्वीडनच्या योहान ब्रिनेल या अभियंत्याने 1900 साली मांडली, आणि बेअरिंगमधल्या अशा खळग्यांना आजही त्याचेच नाव जोडतात. हॅन्डलच्या बाबतीत मात्र त्या नावाने थोडी दिशाभूल होते. एखाद्या मोठ्या खड्ड्याच्या दणक्याने हे खळगे पडतात असे त्यावरून वाटते, पण बहुतेक वेळा ते बारीक थरथरीने हळूहळू घासून झालेले असतात. शहाणा कारागीर म्हणूनच “कुठे आपटली?” असे विचारत बसत नाही. शेवटचे ग्रीस कधी भरले, एवढेच विचारतो.

आता दुरुस्ती. चेकनट सोडवला जातो. त्याखाली जीभवाला वायसर निघतो. त्याची जीभ चिमट्याच्या नळीवरच्या खाचेत बसते. चेकनट आवळताना खालची कटोरी त्याच्याबरोबर फिरू नये, एवढेच या वायसरचे काम. पुष्कळ सायकलींत तो हरवलेला असतो किंवा त्याची जीभ झिजून गेलेली असते, आणि मग कितीही नीट बसवले तरी आठ दिवसांत खेळ परत येतो. दोन-पाच रुपयांचा तो वायसर बघून बदलणारा आणि न बघता नट आवळून देणारा, यांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक आहे, जरी दुकानातून निघताना दोन्ही सायकली सारख्याच वाटतात.

कटोरी काढली की रॉकेलने सगळे धुऊन घेतात, ग्रीसचा जाड थर लावतात आणि त्यात एक एक छर्रा चिकटवत जातात. पूर्ण गोल भरला की त्यातून एक छर्रा काढून ठेवतात. सगळे ठासून भरले तर ते एकमेकांना घासतात, म्हणून एका छर्ऱ्याची जागा मोकळी ठेवायची. कटोरीत थोडे खळगे पडले असतील आणि नवीन सेट घ्यायची ऐपत किंवा वेळ नसेल, तर जाळीत बसवलेले छर्रे काढून तिथे सुटे छर्रे भरतात. सुटे छर्रे संख्येने जास्त मावतात, त्यांच्यातले अंतर बदलते, आणि सगळे एकदमच जुन्या खळग्यांत बसू शकत नाहीत. अडखळणे पुष्कळ कमी होते. मला ही युक्ती फार देखणी वाटते. झिजलेल्या वस्तूची झीज न काढता, तिच्याभोवतीची मांडणी बदलून तिला आणखी वर्षभर चालवायची.

मग कटोरी हाताने खाली आणायची, छर्ऱ्यांना टेकेपर्यंत. टेकली की तिला थोडे उलटे फिरवायचे, फार तर अर्धपाव फेरा, कधी त्याहून कमी. मगच चेकनट. हे मागे येणे नवशिक्याला कळत नाही. खेळ काढायचा आहे, मग सैल का करायचे? कारण आट्यांमध्येही बारीक मोकळीक असते. कटोरी नुसती टेकलेली असते तेव्हा ती आट्यांच्या एका बाजूला रेललेली असते. चेकनट वरून दाबला की ती मोकळीक संपते आणि कटोरी आणखी जराशी खाली जाते. ते जरासे अंतर आधीच सोडून ठेवायचे असते. इंचाला 24 आटे धरले तर पूर्ण एक फेरा म्हणजे साधारण एक मिलिमीटर. अर्धपाव फेरा म्हणजे 0.13 मिलिमीटर, एखाद-दोन केसांच्या जाडीएवढे. पण कटोरीच्या काठावर तोच अर्धपाव फेरा बोटाच्या रुंदीएवढा दिसतो. केसाएवढे अंतर आट्यांनी बोटाएवढे करून कारागिराच्या हातात दिले आहे! तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा सरकवत जवारी लावणारा जसा एका जागी थांबतो, तसा हा हातही एका जागी थांबतो. त्या जागेच्या अलीकडे टिकटिक आहे आणि पलीकडे जडपणा.

जडपणाचा दोष खेळापेक्षा वाईट, असे माझे ठाम मत आहे. खेळ निदान जाणवतो, आवाज करतो. आवळून जड केलेले हॅन्डल पहिल्या दिवशी “मस्त टाईट” वाटते. पण सायकल सरळ चालते ती हॅन्डल सतत किंचित इकडेतिकडे फिरत तोल सावरत असल्यामुळे. ते जड झाले की सायकल नागमोडी जाते, हात भरून येतात, आणि छर्रे दुप्पट वेगाने कटोरी खातात. म्हणून शेवटी पुन्हा परीक्षा. बोटाखाली टिकटिक नको, उचलल्यावर चिमटा आपोआप पडायला हवा, आणि हॅन्डल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवताना कुठेच अडायला नको.

पत्र्याच्या पट्टीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तो उपाय सर्रास होतो. हॅन्डलची आडवी नळी तिच्या पकडीत फिरत असेल, तर पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून ती पकड भरून काढणे चालते. तिथे दाब चारी बाजूंनी सारखा असतो. पण उभी दांडी चिमट्यात सैल वाटते म्हणून तिच्याभोवती पत्रा गुंडाळणे मला मान्य नाही. तिथे सैलपणा जाडीचा असेल तर दांडी चुकीच्या मापाची आहे, आणि फुगीचा असेल तर शंकू झिजलेला आहे. दोन्हींवर पत्रा हा पडदा आहे आणि तो एका दिवशी उतारावर सरकतो. तसेच छिन्नी आणि हातोडीने कटोरी फिरवण्याची रीत. योग्य पाना नसला की कडेला छिन्नी लावून ठोकतात. काम होते, पण काठावर खाचा पडतात आणि पुढच्या वेळी तिथे कोणताच पाना बसत नाही. सायकलच्या डोक्यावरच्या या खाचा पाहिल्या की तिला आजवर कोणाचे हात लागले ते वाचता येते.

रॉडचा ब्रेक असलेल्या सायकलीचे हॅन्डल इंचभर वर घेतले की ब्रेकचा रॉडही इंचभर वर ओढला जातो आणि रबर रिमला टेकून बसतात. केबल असेल तर ती ताणली जाते. म्हणून हॅन्डलची उंची बदलणारा जाणता माणूस लगेच रॉडच्या सांध्याचा स्क्रू सैल करून तो नव्या उंचीला आणतो, आणि हॅन्डल दोन्हीकडे पूर्ण फिरवून काही ओढले जात नाही ना, ते पाहतो. एवढे केले नाही तर नवे दुखणे घेऊनच मुलगी घरी जाते.

1885 साली इंग्लंडमध्ये स्टार्लीची रोव्हर सायकल आली तेव्हापासून सायकलचे एकूण रूप फारसे बदललेले नाही. आपल्याकडे 1939 साली मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना निघाला, तिथल्या रस्त्याला अजून ते नाव आहे. पुढे 1951 साली सोनीपतला ॲटलस आणि 1956 साली लुधियानाला हिरो. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी, जागतिक सायकल दिनालाच, बंद पडला. पण त्या सायकली गावोगाव चालू आहेत आणि त्यांचे छर्रे, कटोऱ्या, दांड्या अजून दुकानांत मिळतात. नव्या महाग सायकलींत ही आत उतरणारी दांडी गेली. तिथे हॅन्डल चिमट्याच्या नळीला बाहेरून पकडतात आणि नळीवर आटेच नसतात. ती रचना हलकी आहे, ताठ आहे, आणि खेळ काढायला सोपी आहे, हे मी मान्य करतो. पण तिच्यात उंची वाढवायला जागा फारशी नाही. वाढत्या वयाच्या मुलीसाठी जुनी दांडीच सरस.

तुमच्या घरात मुलीची सायकल असेल तर पावसाळा संपला की ती एकदा उघडून घ्या. नवी मिळालेली असली तरी घ्या, कारण सुट्या भागांत आलेली सायकल घाईने जोडलेली असते आणि तिच्यात ग्रीस नावापुरतेच असते. दुकानात नुसते “टाईट करून द्या” म्हणू नका. हलते कुठे ते बोटाने दाखवा, वायसर आहे का ते विचारा, ग्रीस भरताना समोर उभे राहा. आणि ज्याने कटोरी टेकवून अर्धपाव फेरा मागे घेतला, त्याला मजुरी देताना घासाघीस करू नका.